मामाच्या ज्वारीत चौदा अस्वलं

नकाशा या विषयात अख्ख्या नववी 'अ'मध्ये माझा हात धरणारं कुणी नाही! हे मी म्हणत नाही, आमचे भूगोलाचे गुरुशांत सर म्हणाले होते, तेही सगळ्या वर्गासमोर. आता ते सहामाहीनंतर म्हणाले होते आणि पुढचं सगळं जानेवारीत घडलं, त्यामुळे त्यांचं आजचं मत काय आहे ते मी विचारायला गेलेले नाही.

मी सृष्टी बिराजदार, मुक्काम भवानी पेठ, सोलापूर. आठवीपर्यंत मी वर्गात 'हजर' एवढा एकच शब्द बोलायचे, आणि तोही इतका हळू, की वर्षात दोनदा माझी गैरहजेरी लागली. मग यंदा विज्ञान प्रदर्शनात माईक माझ्या हातात आला आणि आमच्या नळासारखं झालं. चार दिवस कोरडा, पाचव्या दिवशी असा सुटतो की घरातल्या बादल्या कमी पडतात! आई म्हणते, "तू बोलत नव्हतीस ना, तेव्हा मला कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या गं."

तर आईचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा शिवराज मामा, मैंदर्गीला शेती करतो. यंदा त्याने शेतात हुरडा पार्टी सुरू करायचं ठरवलं. ज्वारीची कोवळी कणसं आगटीत, म्हणजे खड्ड्यातल्या निखाऱ्यांत भाजायची, हातावर चोळायची आणि ते गरम हिरवे दाणे शेंगाचटणीशी खायचे. बास! यापुढे पिझ्झाबिझ्झा सगळं झूठ. पण हुरड्याचं एक वाईट आहे, तो कुणासाठी थांबत नाही. आठ दिवस दाणा दुधात असतो, मग टणक होतो की संपलं. मामाने खास हुरड्याची गूळभेंडी ज्वारी पेरलेली, दोन एकर. आठ दिवसांत पाहुणे आले नाहीत तर सगळी मेहनत म्हशींना!

म्हणून पहिले पाहुणे मीच ठरवले. माझा वर्ग, येत्या रविवारी. सरांनी होकार दिला, एक बसही ठरली.

तरी मामाला काळजी. फोनवर म्हणाला, "सृष्टे, हुरडा तर समदीकडं मिळतोय. आपल्याकडं लोकांनी का यावं? येगळं काय हाय?"

"निसर्ग!" मी म्हणाले.

"तो हाय की. पण दिसत न्हाय."

तेही खरंच होतं. मैंदर्गीचं शिवार परातीसारखं सपाट. उभं राहिलं की ज्वारी दिसते आणि बसलं की ज्वारीची मुळं दिसतात.

"मामा, तू नुसता बघत राहा. तुझ्या शेतात कुठकुठले वन्यप्राणी आहेत, त्याचा मी बोर्ड करून देते. रस्त्यावर लाव. शहरातली माणसं धावत येतील!"

शेवटचं वाक्य जरा जास्तच खरं ठरलं. पण ते पुढे.

कुठला प्राणी कुठे दिसला याच्या नोंदी लोक एका वेबसाइटवर टाकतात. आपण तिथं आपल्याला हवा तो चौकोन द्यायचा, की त्या चौकोनातल्या सगळ्या नोंदी समोर येतात. चौकोनाचे कोपरे मीटरमध्ये द्यायचे होते. मी मोबाइलच्या ॲपवरून मामाच्या शेताचे आणि भोवतालच्या शिवाराचे आकडे काढले, तीनदा तपासले, भरले. शेवटी एक छोटासा रकाना उरला. 'झोन'. त्यात पर्याय होते बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस.

झोन म्हणजे काय, मला कुठं माहीत! पण मला सांगा, सोलापूरच्या मुलीला एवढ्यातून एक आकडा निवडायला सांगितला तर ती कुठला निवडेल? दर मे महिन्यात पेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'सोलापूर ४४' छापून येतं! बोट आपोआप गेलं.

आणि काय सांगू! दोनशे बारा नोंदी! अस्वलं चौदा! रानगवे नऊ! शेकरू! राजनाग दोन, त्यातला एक अकरा फुटी! आणि मी लहानपणापासून प्रत्येक सुट्टीत तिथं जाऊन नुसती मुंगसं बघून येत होते!

प्रत्येक नोंदीपुढे शेरा होता, तो तेलुगूत. मला शंका आली का? अजिबात नाही. पुण्या-साताऱ्याच्या मुलीला आली असती. आमच्या गल्लीत लग्नपत्रिका तेलुगूत येते, नळावरची भांडणं तेलुगूत होतात आणि समेटही तेलुगूत होतो. मला वाटलं, आपल्याच पेठेतलं कुणीतरी हौशी माणूस मैंदर्गीला जाऊन प्राणी मोजून आलं असणार. उलट मला कौतुकच वाटलं.

बुधवारी नवी पेठेतल्या एका दुकानात फ्लेक्स करायला गेले. दुकानदाराने अस्वलाचा फोटो लावला, गवा लावला, नाग लावला आणि विचारलं, "चेहरा कुणाचा टाकायचा?"

"टाकलाय की. अस्वलाचा."

"ते झालं. माणसाचा?"

"यात माणूस नाहीये काका."

"ताई, वीस वर्षांत बिनचेहऱ्याचा फ्लेक्स ह्या मशीनमधून निघालेला नाही. चेहरा नसला की लोक वाचत नाहीत."

म्हणून कोपऱ्यात माझा फोटो आला. कोपरा म्हणजे नावाला. अस्वल आणि मी एकाच मापाचे आलो! खाली मजकूर: 'वन्यजीव अभ्यासक कु. सृष्टी बिराजदार'. ते 'अभ्यासक' त्याने सुचवलं, शपथ! मी फक्त हो म्हणाले. दोनदा.

गुरुवारी फ्लेक्स एसटीने मैंदर्गीला पोचला. शुक्रवारी सकाळी मी वेणी घालत होते तेवढ्यात मामाचा फोन.

"सृष्टे, बोर्ड लावला काल. लई भारी दिसायलाय! निम्म्या गावानं फोटू काढले."

"मग! सांगत होते की नाही!"

"व्हय. पण मायाक्का रानात शिरंना."

मायाक्का म्हणजे मामाकडे कणसं तोडायला येणाऱ्या आठ बायकांची मुकादम. ती शिरली नाही म्हणजे कुणीच शिरलं नाही. आणि ज्वारी तर पुरुषभर उंच. मामाने फोन तिच्याकडे दिला.

"ये पोरी, आस्वल कंच्या अंगाला हाय?"

"मायाक्का, अस्वल फार लाजाळू असतं हो."

"मग मी कुटं धीट हाय? आमी दोगं समोरासमोर आलो तर आदी कुणी पळायचं?"

"पण तुम्ही इतकी वर्षं त्याच रानात काम करता. कधी दिसलं का?"

"न्हाय दिसलं म्हणूनच भ्या वाटायलंय की! चौदा हायेत आन् एकबी दिसत न्हाय, म्हंजे कसली लबाड असतील ती!"

मी म्हणाले, "मायाक्का, कदाचित नोंद जुनीही असेल."

"असं कसं? नाव-गाव घालून, फोटूसकट लिवलंय तू. शिकल्याली पोरगी खोटं कशाला लिवंल?"

इथंच मी 'पुन्हा एकदा बघते' म्हणायला हवं होतं. पण नळ सुटलेला! मी म्हणाले, "सोप्पं आहे! मोठा आवाज केला की अस्वल लांब जातं."

मामाने तासाभरात गावातून हलगी आणली. पुढे हलगी, मागे विळे घेतलेल्या आठ बायका, अशी तोडणी सुरू झाली. असं वाटत होतं म्हणे, की ज्वारीचं लग्न लागलंय आणि वरात आत अडकलीय. शेजारपाजारचे लोक बघायला बांधावर जमले. तेवढ्यात हलगीला बिचकून शेजारच्या चनबसप्पा काकांची म्हैस दावं तोडून पळाली. थेट रस्त्यावर! आता समजा, तुम्ही मोटारसायकलवरून निघालाय, आत्ताच एका बोर्डावर रानगव्याचा फोटो बघितलाय आणि समोरून धुळीच्या ढगात काहीतरी काळंकभिन्न चौखूर उधळत आलं. तुम्ही काय ओरडाल?

दुपारपर्यंत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. 'मैंदर्गीत रानगव्याचा थरार!' चनबसप्पा काका बिचारे प्रत्येक ग्रुपवर जाऊन लिहीत होते, 'ती माझी म्हैस हाय. नाव गौरी. सापडली तर कळवा.' कुणी लक्ष दिलं नाही. एकाने तर त्यांना उत्तर दिलं, 'काका, जंगली प्राण्याला पाळीव नाव देणं गुन्हा आहे.'

संध्याकाळी व्हिडिओ आमच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर पोचला. मग काय!

'अस्वल शाकाहारी असतं का?'

'मुलांनी रंगीत कपडे घालावेत की नको?'

'राजनाग अकरा फूट म्हणजे शेपटीसकट का?'

'आमचा चिरंजीव येणार नाही.'

या शेवटच्या ओळीखाली 'आमचाही' आणि 'आमचीही' अशी रांग लागली. जेवणाच्या वेळेपर्यंत बावन्नपैकी चाळीस नावं गळाली.

मी मामाला फोन केला. एरवी मामा माझ्या प्रत्येक वाक्यावर कोटी करतो. त्या दिवशी नाही केली. म्हणाला, "सृष्टे, दाणा रविवारपातूरच हाय बघ. कणसं तोडून ठेवलीत. सोमवारी ह्येचा हुरडा न्हाय व्हायचा." मग म्हणाला, "आसू दे. तू जेवलीस का?"

ते 'तू जेवलीस का' मला फार लागलं.

शनिवारी सकाळच्या शाळेत गुरुशांत सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. समोर डबा, डब्याशेजारी एक संत्रं.

"बिराजदार, माझी सासुरवाडी मैंदर्गीची आहे."

"हो का सर? छान गाव आहे."

"बावीस वर्षं जातोय. सावलीत गाडी लावायची म्हटलं तर झाड शोधावं लागतं. तुझं ते शेकरू कशावरून कशावर उडी मारतं? विजेच्या खांबावरून?"

"सर, माझ्याकडे पुरावा आहे!" मी दप्तरातून चार पानी प्रिंट काढून टेबलावर ठेवली. "ज्याने प्राणी बघितलेत त्याने स्वतः शेरे लिहिलेत. तेलुगूत आहेत. दुर्गाक्कांना वाचायला सांगा, म्हणजे तुमची खात्री पटेल!"

दुर्गाक्का आमच्या शाळेच्या सेविका. घंटा, किल्ल्या आणि स्टाफरूमचा चहा त्यांच्या ताब्यात. त्यांच्या माहेरी हातमाग होते, घरात सगळं तेलुगू. त्या चहा घेऊन येतच होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. मी सरांकडे असं बघितलं, जसं की निकाल लागलाच!

"अस्वल. 'कोंड मीद'... म्हणजे डोंगरावर."

"डोंगरावर, सर!" मी अभिमानाने सांगितलं. आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

मैंदर्गीत डोंगर?

"पुढे वाचा," सर म्हणाले.

"'झऱ्याला बारा महिने पाणी.'"

सरांनी चहाचा कप तोंडापर्यंत नेला होता, तो खाली ठेवला. "बारा महिने! मैंदर्गीत! पुढे?"

"'ह्या टोकावर उभं राहिलं की लांब समुद्र दिसतो.'"

दुर्गाक्कांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अम्मा, हे मैंदर्गी कुठलं गं? मला पण घेऊन चल की. मी अजून समुद्र बघितला नाही."

सरांनी हळूच विचारलं, "झोन कितवा टाकलास?"

"चव्वेचाळीस."

"का?"

"सर... ऊन."

सरांनी डोळे मिटले. मग त्यांनी ते संत्रं सोललं आणि साल माझ्यासमोर टाकली. "ही सपाट कर बघू."

मी दाबली. साल फाटली.

"पृथ्वीचं असंच होतं. गोल वस्तू सपाट कागदावर बसवायला गेलं की कुठंतरी फाटते नाहीतर ताणते. म्हणून नकाशावाल्यांनी तिच्या उभ्या साठ फोडी केल्या. त्या फोडी म्हणजे झोन. आणि प्रत्येक फोडीत मीटरचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. बारा नंबरचं घर प्रत्येक गल्लीत असतं की नाही? तू घराचा नंबर बरोबर दिलास, गल्ली चुकलीस. आपण त्रेचाळीस."

"किती चुकलं, सर?"

"फार नाही. सहाशे किलोमीटरच्या थोडं वर." सरांनी एक फोड तोंडात टाकली. "अस्वलं खरी आहेत, बिराजदार. फक्त ती आंध्रात आहेत. तू त्यांना बिनतिकिटाची अक्कलकोट तालुक्यात आणलीस."

मी तिथंच सरांच्या मोबाइलवर त्रेचाळीस घालून पुन्हा शोधलं. उत्तर आलं: 'या क्षेत्रात एकही नोंद आढळली नाही.' एकही! साधा कावळासुद्धा नाही!

सरांनी पालकांच्या ग्रुपवर खुलासा टाकला. त्यावर एका आईने लिहिलं, 'सर, काल अस्वल होतं, आज नाही. उद्याचं काय?' गळालेली नावं गळालेलीच राहिली. सर मला म्हणाले, "ग्रुपवर मी लिहिलं. पण बोर्डावर चेहरा तुझा आहे. तिथं जाऊन सांगायचं तू."

रविवारी आमची बस निघाली. बारा मुलं, सर आणि मोकळ्या सीटांवरून लोळत गेलेल्या पाण्याच्या बाटल्या. मी रस्ताभर भाषण पाठ करत होते. बारा मुलांपुढे बोलायचं, त्यात काय!

मामाच्या शेताचं वळण आलं आणि बस थांबली, कारण पुढे जायला जागाच नव्हती. जीप, मोटारसायकली, दोन टमटम! बांधावर माणूसच माणूस, दोनशेच्या वर असतील! गळ्यात दुर्बिणी. एक काका हेल्मेट घालूनच बसलेले. एकजण कॅमेरा ज्वारीकडे रोखून मघापासून हललेला नव्हता. सगळे व्हिडिओ बघून आलेले. रानगवा आणि अस्वल बघायला!

मामा धावत आला. तीन आगट्या फुलल्या होत्या, आणि मामाचा चेहरा त्यांच्यापेक्षा जास्त.

"सृष्टे! बघितलंस?"

"मामा, अरे, अस्वल नाहीच आहे! माझं चुकलंय. ते आंध्रात..."

"ठावं हाय. सरांनी रात्रीच फोन केलता." मामाने मला बाजूला ओढलं. "पण तोंड उघडू नको. कणसं संपूस्तर तरी. ह्येंना कळलं की समदे उठून गाडीला किक मारतील. तोडल्याला माल दुपारपातूर सुकतोय, बाळ."

गंमत बघा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला 'गप्प बस' म्हणत होतं आणि मलाही बसावंसं वाटत होतं. मी गप्प बसले. अख्खी दहा मिनिटं!

मग मला मायाक्का दिसली. सगळे हुरडा खात होते आणि ती एकटी ज्वारीच्या कडेला काठी घेऊन उभी होती, पाठ पाहुण्यांकडे, तोंड पिकाकडे.

"मायाक्का, तुम्ही नाही का खात?"

"तुमी खावा की. बारकी पोरं आल्यात. मी हाय हितं ध्यान ठिवून. आलं एकादं, तर आदी मला धरंल."

बाप रे! मी मामाकडे बघितलंच नाही. समोर एका ठिकाणी जरा मोकळी जागा दिसली, तिथं जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "ऐका! मी सृष्टी बिराजदार! बोर्डावरची!"

दोनशे माना वळल्या. हेल्मेटसुद्धा वळलं.

मग मी सगळं सांगितलं. सरांकडून संत्रं मागून घेतलं, सोललं, साल फाडून दाखवली. साठ फोडी, गल्ली, घर नंबर, चव्वेचाळीस. रानगवा म्हणजे गौरी म्हैस, आणि ती काल संध्याकाळी स्वतःच घरी आलीय, हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "या शेतात अस्वल नाही. कधीच नव्हतं. चूक माझी आहे, मामाची नाही. ज्यांना जायचंय..." इथं आवाज एकदम आठवीतला निघाला, "...त्यांनी जावं."

आगटीत एक कणीस तडतडलं. मामाने कपाळावर हात मारलेला मला कडेने दिसला.

"म्हंजे," मागून मायाक्काचा आवाज आला, "मी दिस उगवल्यापासनं उगाच काठी धरून हुबी?"

"हो मायाक्का. चुकलं माझं."

तिने काठी ज्वारीत भिरकावली, तरातरा येऊन आगटीपाशी बसली. "मग द्या की कणसं हिकडं! भुकेनं जीव चाललाय माझा!"

तरी बाकीचे तसेच बघत होते. सगळे माझ्याकडे! आता कोण आधी उठणार, कोण आधी किक मारणार? तेवढ्यात हेल्मेटवाल्या काकांनी हळूच हात वर केला. मला एकदम धीर आला. चला, कुणाला तरी प्रश्न पडला!

"विचारा काका! काहीही विचारा! फोडीचं कळलं नाही का?"

"न्हाय न्हाय, फोडीचं समदं कळलं," काकांनी हेल्मेटची काच वर केली. "पण बाळ, तू मघापासनं चटणीच्या परातीम्होरं उभी हायेस. जरा सरकतीस का?"

मी सरकले.

दोनशे माणसं एकदम उठली. मामाने डोळेच मिटून घेतले. पण कुणी गाड्यांकडे गेलंच नाही. सगळे माझ्या अंगावरून परातीकडे! दुपारी दोनला तोडलेलं शेवटचं कणीस संपलं. दुर्बीणवाले बोटं चाटत विचारत होते, चटणी विकत मिळेल का? मामा तर मला उचलूनच घ्यायच्या बेतात होता.

त्यानंतर संध्याकाळपर्यंत अस्वलाचं नाव एकानेही काढलं नाही. झोनचं तर नाहीच नाही. खरं सांगू? मला थोडं वाईटच वाटलं.